शीटवर शिल्लक, कार्डावर लाखाचं कर्ज : पारोळ्याच्या एका घराचा पुण्यातला हिशोब

गेल्या वर्षीची अखाजी (म्हणजे अक्षय तृतीया), ३० एप्रिल २०२५. दुपारचं आमरस-पुरणपोळीचं जेवण अंगावर आलेलं, मी पडवीत आडवा झालेलो, आणि नाना आले ते हातात सातबारा घेऊनच. नाना म्हणजे माझे शाळेपासूनचे मित्र, पारोळा तालुक्यात पाच एकर, एक विहीर. मी बँकेतून रिटायर, अमळनेरला असतो, त्यामुळे गावातल्या कुणालाही कागद कळला नाही की तो माझ्याकडे येतो. नाना खाली बसायच्या आधीच म्हणाले, "पोऱ्याले पुनाले फ्लॅट लेवाना शे. रोडना एकर काढी टाकू का?"

एकर काढणं म्हणजे विकणं. हायवेच्या बाजूचा, नानांच्या वडिलांनी घेतलेला एकर. मी उठून बसलो.

हे प्रकरण लिहायची परवानगी त्या घरातल्या सगळ्यांनी दिलीय, नावं लिहायची नाहीत एवढीच अट, म्हणून नाना, आक्का (नानांची बायको), बापू (मोठा मुलगा, वय ३५) आणि ताई (सून, मी तिला ताईच म्हणतो) एवढ्यावर भागवतो. बापू चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, ताई एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते, मोशीला भाड्याने टू बीएचके, मुलगी पहिलीत आणि मुलगा अडीच वर्षांचा. अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात तशी ताईही माहेरी म्हणजे धरणगावला आलेली होती, बापू गावी होता, म्हटलं उद्या दोघांना घेऊन या, सातबारा तोपर्यंत पेटीत ठेवा.

फ्लॅटचं गणित आधी सांगून टाकतो कारण ते सोपं होतं. बिल्डरने सांगितलेली किंमत ५२ लाख. बांधकाम चालू असलेला फ्लॅट आणि किंमत ४५ लाखांच्या वर, म्हणजे ५ टक्के जीएसटी, झाले २ लाख ६० हजार. स्टॅम्प ड्युटी तिकडे ७ टक्के, झाले ३ लाख ६४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार. म्हणजे पंखा लावायच्या आधी साडेअठ्ठावन्न लाख. (एकट्या बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते, ५२ हजार वाचतात, हे बापूला माहीतच नव्हतं, आणि माहीत झाल्यावर चेहरा जरा बदलला ते ताईने बघितलं.) कर्ज ४२ लाख धरलं, साडेआठ टक्के, २० वर्षं, तर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे महिन्याला साडेछत्तीस हजार. आत्ताचं भाडं मेंटेनन्ससकट २०,३००. म्हणजे महिन्याला सोळा हजारांचा फरक, तोही ताबा मिळाल्यावर, ताबा मिळेपर्यंत भाडंही आणि हप्त्याचा काही भागही.

मी विचारलं, हे सोळा हजार कुठून येणार. बापूने मोबाईल काढला आणि एक्सेल शीट दाखवली. मला कौतुक वाटलं खरं तर, कारण आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडे एवढंही नसतं.

शीट अशी होती. हातात येणारा पगार, बापूचा ५८,४०० आणि ताईचा २१,०००, एकूण ७९,४००. खर्चात घरभाडं मेंटेनन्ससकट २०,३००, पर्सनल लोनचा हप्ता १३,३५०, स्कूल व्हॅन १,८००, किराणा ८,५००, दूध २,७००, भाजी-फळं ४,०००, लाईट गॅस नेट मोबाईल मिळून ४,२००, पेट्रोल ४,५००, धाकट्याचं पाळणाघर ५,०००, बाहेरचं खाणं ३,५००, एसआयपी (म्युच्युअल फंडातला महिन्याचा हप्ता) ३,०००, गावी नाना-आक्कांना ५,०००. बेरीज ७५,८५०. शिल्लक ३,५५०, हिरव्या रंगात.

"मग महिन्याला साडेतीन हजार उरतात तर वर्षाचे बेचाळीस हजार झाले, ते कुठेत?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ताई म्हणाली, काका, क्रेडिट कार्डावर एक लाख बारा हजार बाकी आहे. नाना ऐकत होते. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं, आणि सातबारा मांडीवर तसाच.

आता घरात याबद्दल सगळ्यांची आपापली थिअरी तयार होती. आक्कांच्या मते सून ऑनलाईन जेवण मागवते. बापूच्या मते पुणं महाग आहे, बस. ताईच्या मते बापूच्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज. तिन्हीत थोडं थोडं तथ्य होतं पण तिन्ही गोष्टी शीटमध्ये होत्याच की. बाहेरचं खाणं ३,५०० लिहिलेलं होतं, पुण्याचं महाग भाडं लिहिलेलं होतं, लग्नाच्या सहा लाखांच्या लोनचा हप्ताही होता (१२ टक्के, पाच वर्षं, दोन वर्षं झालीत, अजून चार लाखाच्या आसपास मुद्दल बाकी). जे लिहिलेलं आहे ते सगळं बसत होतं. भोक होतं न लिहिलेल्यात.

म्हटलं बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कार्डाचं स्टेटमेंट डाउनलोड करा, आणि शेजारच्या पोराकडून प्रिंट मारून आणा. दोन संध्याकाळी आम्ही चौघं हिरवा पेन आणि लाल पेन घेऊन बसलो. दर महिन्याला येतं ते हिरवं, वर्षातून एकदा-दोनदा येतं ते लाल. पहिल्याच संध्याकाळी कागद लालेलाल.

शाळेची फी ७८ हजार, तीन हप्त्यांत, आणि पुस्तकं-युनिफॉर्म साडेनऊ हजार. शीटमध्ये व्हॅन होती, फी नव्हती! का तर ती "महिन्याला नसते". गावी पाच फेऱ्या : अखाजी, कानबाई (आमच्याकडचा श्रावणातला सण), दिवाळी आणि उन्हाळ्यातली लग्नं, त्याचे ३४ हजार, कारण सुट्टी आयत्या वेळी मंजूर व्हायची, मग सीझनच्या दराने ट्रॅव्हल्स नाहीतर गाडी भाड्याने. आहेर, मान, कपडे, अर्धा ग्रॅमची अंगठी, चार लग्नांचे मिळून ३८ हजार. जूनमध्ये नानांना पेरणीला ३५ हजार. नानांचं मोतीबिंदू आणि आक्कांचे गुडघे, १८ हजार. एक जुनी एंडोवमेंट पॉलिसी आणि गाडीचा विमा, २६,५००. दिवाळी २२ हजार. घर बदललं त्यात ब्रोकर, ॲग्रीमेंट, टेम्पो ११ हजार. आणि कार्डाचं व्याज आणि चार्जेस साडेसोळा हजार, म्हणजे वर्षभरात निव्वळ हवेत गेलेले. मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरला की झालं अशी समजूत, अहो मिनिमम ड्यू भरला की फक्त लेट फी लागत नाही, उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चालूच राहतं, वर्षाचे चाळीसच्या वर. आमच्याकडच्या सावकाराने एवढा दर लावला असता तर गावाने त्याला चावडीवर आणलं असतं.

लालची बेरीज २ लाख ८८ हजार ५००. बाराने भागा, महिन्याला चोवीस हजार. म्हणजे ज्या घराला वाटत होतं की आपले साडेतीन हजार उरतात, त्या घराचे महिन्याला वीस हजार कमी पडत होते. शीटवरचे ४२,६०० आणि दिवाळीचा बोनस ४५ हजार वजा केला तरी वर्षाची तूट दोन लाख नऊशे. ती कशी भरली गेली तेही निघालं, कार्ड १ लाख १२ हजार, ताईने मोडलेली पन्नास हजारांची एफडी, मित्राचे हातउसने वीस हजार आणि सेव्हिंग खात्यातून गळालेले १८,९००. बेरीज जुळली तेव्हा मला एकट्यालाच आनंद झाला, बाकीचे तिघं गप्प होते.

मला यात जे दिसलं ते असं. पगार महिन्याचा असतो म्हणून नोकरदार माणूस खर्चही महिन्याचा मांडतो. पण खानदेशातलं घर महिन्यावर चालतच नाही, ते हंगामावर चालतं. जूनला पेरणी, श्रावणात कानबाई, दिवाळीनंतर कापूस, मार्चला सोसायटीचा भरणा, मग लग्नसराई. पुण्यात राहणारा मुलगा दोन कॅलेंडरांत राहतो आणि शीट एकाच कॅलेंडरची करतो. दुसऱ्या कॅलेंडरचा खर्च आला की तो त्याला "अचानक" वाटतो. दिवाळी अचानक येते का कधी?

आणि याचीच उलटी बाजू म्हणजे गावाकडून येणारं कुणी मोजत नव्हतं. नाना जरा तापलेच, म्हणाले आम्ही काय फक्त घेतोच का, पोतीच्या पोती पाठवतो. बरोबर होतं. मग तेही लिहिलं : गहू दीड क्विंटल, तूर डाळ २५ किलो, उडीद-मूग १० किलो, शेंगदाणे २५, कळण्याच्या भाकरीची ज्वारी ६० किलो, मिरची ४ किलो, आणि आक्कांचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड. मोशीच्या दुकानातल्या भावाने ताईने हिशोब केला, साडेवीस हजार झाले. म्हणजे किराणा साडेआठ हजारांत भागतोय तो या पोत्यांमुळे, नाहीतर दहा हजारांच्या वर गेला असता. बापू म्हणायचा मी वर्षाला लाखाच्या वर घरी देतो, नाना म्हणायचे आम्ही वर्षभराचं धान्य देतो, दोघांचं खरं, दोघांनीही कधी कागदावर लिहिलं नाही, आणि मनातल्या मनात दोघांचाही आकडा फुगलेला.

खरी गाठ मात्र त्या ३५ हजारांत होती. मी नानांना विचारलं, पेरणीला पोराकडे का मागावे लागतात, विकासो (गावची विविध कार्यकारी सोसायटी) पीककर्ज देत नाही का. नाना इकडेतिकडे बघायला लागले. मग निघालं. २०२३ ला मुलीचं लग्न झालं तेव्हा कापसाचा पैसा तिकडे गेला आणि सोसायटीचं कर्ज भरलंच नाही. ६८ हजार थकले, व्याजासकट ८१ हजार झालेले. थकबाकीदार झालं की नवीन कर्ज बंद. खरं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्याकडे शेतकऱ्याला व्याज पडत नाही, शून्य टक्के, केंद्राची सवलत आणि राज्याची सवलत मिळून. म्हणजे घरात शून्य टक्क्याचं कर्ज मिळण्याची सोय असताना ती बंद पाडून, त्याच पेरणीसाठी मुलगा चाळीस टक्क्यांच्या कार्डातून पैसे आणत होता, कारण जूनच्या ३५ हजारांमुळेच दोन महिने कार्डाचं बिल अर्धवट राहिलं होतं, तारखा जुळत होत्या.

मी जरा आवाज चढवला नानांवर. तर नाना शांतपणे म्हणाले, भाऊ, २०१७ ला दीड लाखापर्यंत माफ झालं, २०१९ ला दोन लाखापर्यंत माफ झालं, मी दोन्ही वेळा भरून बसलेलो होतो. पहिल्यांदा नियमित भरणाऱ्याला पंचवीस हजारांपर्यंत म्हणाले, दुसऱ्यांदा पन्नास हजारांपर्यंत, आणि ते यायला किती वर्षं लागली ते तुला माहीत आहे, तुझ्याच बँकेत मी खेटे घालत होतो. आता एकदा थांबून बघतो म्हटलं.

याला काय उत्तर द्यायचं? मी बँकेच्या खुर्चीत बसून तीस वर्षं "वेळेत भरा" सांगितलं आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं माफ होताना बघितलं. नाना मूर्ख नव्हते. मी फक्त एवढंच म्हटलं की माफी होईल तेव्हा होईल, तोपर्यंत दरवर्षी जूनचे ३५ हजार आणि त्याचं कार्डावरचं व्याज धरा, दोन वर्षांत माफीएवढीच रक्कम तुमच्याच घरातून गेली. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी विचारलं, ३१ मार्चच्या आत नवं-जुनं (जुनं भरून नवीन कर्ज) करायचं असेल तर पूर्ण ८१ लागतील ना?

मग कार्डाचं. इथे मी चुकलो ते सांगतो. मी म्हटलं ताईचे चार तोळे आहेत, बँकेत गोल्ड लोन नऊ-दहा टक्क्याने मिळतं, एक लाख बारा उचला आणि कार्ड बंद करा. बँकेच्या नजरेने अगदी बरोबर सल्ला. ताईने वर बघितलं आणि म्हणाली, काका, लग्न नणंदेचं, कार्ड यांचं, आणि गहाण माझ्या माहेरचं का? मी गप्प. मग तिनेच सांगितलं, एसआयपीत तीन वर्षांत सव्वा लाखाच्या वर जमलेत, ते काढा ना.

बापू तयार नव्हता. त्याने कुठे कुठे ऐकलेलं की एसआयपी कधी तोडायची नाही. आणि गंमत म्हणजे नानाही त्याच्याच बाजूने, कारण आमच्या अमळनेर भागात शेअर विकण्याची एक वेगळीच भीती आहे, १९४५ साली इथेच वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो, तिचे शेअर कुणी मुलीच्या लग्नात विकले, कुणी घराच्या स्लॅबसाठी विकले, आणि ज्यांनी ठेवले ते कोट्यधीश झाले, या गोष्टी प्रत्येक ओट्यावर ऐकायला मिळतात. पण विकणाऱ्याच्या डोक्यावर चाळीस टक्क्यांचं कर्ज होतं का हे कुणी सांगत नाही. शेवटी ताईने कागदावर दोन ओळी लिहिल्या, एसआयपी वर्षाला फार तर बारा-पंधरा देणार, कार्ड चाळीसच्या वर घेणार, आणि बापूच्या पुढे सरकवल्या. १ लाख २६ हजार निघाले. कार्ड पूर्ण भरलं, उरलेल्या १४ हजारांतून मित्राचे हातउसने बरेचसे फिटले.

पगाराच्या स्लिपा बघताना दोन छोट्या गोष्टी सापडल्या. बापूचा ग्रॉस सव्वाआठ लाखाच्या आसपास, नव्या रेजीममध्ये एप्रिल २०२५ पासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स शून्य, म्हणजे आधी महिन्याला कापला जाणारा २,१०० चा टीडीएस बंद होणार होता. आणि ताईच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापत होते, जो बाईला २५ हजारांपर्यंतच्या पगारावर २०२३ पासून लागतच नाही. ती स्वतः अकाउंट्स बघते आणि हे तिच्या लक्षात नव्हतं, फार हसली. ऑफिसात सांगितल्यावर पुढच्या महिन्यापासून थांबलं, मागचे परत मिळवायला अजून हेलपाटे चालूच आहेत.

भाड्याचं घर बदलून वन बीएचके घ्यावं असं एकदा निघालं, महिन्याला सहा-सात हजार वाचले असते, पण नाना-आक्का दवाखान्यासाठी येऊन राहतात, मुलीची शाळा तिथे, आणि परत ब्रोकर-टेम्पो, म्हणून सोडून दिलं. माझ्या मते ठीकच केलं.

आता हे सगळं चालू असताना आक्का आतबाहेर करत होत्या. मी सहज म्हटलं, नाना, तुम्हाला महिन्याला पाच हजार येतात ते कशात जातात तेही लिहूया. औषधं बाराशे, लाईट बिल, किरकोळ असं करत करत तीन हजारांपर्यंत आलं आणि पुढे काही जुळेना. तेव्हा आक्का दाराशी उभ्या राहून म्हणाल्या की दोन हजारांची भिशी लावलीय, नातीच्या सोन्यासाठी, वीस बायकांची, शेवटचा नंबर माझा, याच महिन्यात चाळीस हजार येणार.

नानांनाही माहीत नव्हतं! म्हणजे पुण्यात मुलगा कार्डावर व्याज भरून घरी पाच हजार पाठवतोय आणि त्यातले दोन हजार आई त्याच्याच मुलीसाठी साठवतेय. बापू आधी चिडला, मग हसायलाच लागला. मला मात्र आक्कांचं चुकलं असं वाटलं नाही, त्या घरात बचत जमलेली एकटी बाई तीच होती. त्या चाळीसमधून ३५ हजार जूनच्या पेरणीला वापरायचं ठरलं, आणि बापूने पुढे महिन्याला तीनच हजार पाठवायचे. आक्कांना हे मान्य करायला रात्र लागली, सकाळी म्हणाल्या, सोनं काय पळून जातं का. (त्या वर्षात सोन्याचा भाव कुठे गेला ते तुम्ही बघितलंच, आक्का मला अजून ऐकवतात. जळगावच्या सराफ्यात गेलं की हटकून फोन करतात.)

मग पुढच्या वर्षाचा कागद केला. एक वेगळं सेव्हिंग खातं उघडलं, त्याचं नाव आम्ही "लाल खातं" ठेवलं, एटीएम कार्ड घेतलंच नाही, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप पैसे तिकडे जाणार. शीटवरचे ३,५५०, थांबवलेल्या एसआयपीचे ३,०००, टीडीएसचे २,१००, प्रोफेशनल टॅक्सचे २००, बाहेरच्या खाण्यातून १,०००, गावाकडचे २,०००, झाले महिन्याला ११,८५०. फेऱ्यांचे ३४ चे २४ हजार करायचे. कसे, तर सणांच्या तारखा आधीच माहीत असतात, रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी महाराष्ट्र एक्स्प्रेसचं चाळीसगावपर्यंत तिकीट काढायचं, पुढे एसटी, एसटीत ताईला अर्धं तिकीट. ॲग्रीमेंट मालकाशी थेट रिन्यू, ब्रोकर नाही. जुनी पॉलिसी पेड-अप केली (पुढचे हप्ते बंद) आणि त्याच पैशात बापूचा टर्म प्लॅन काढला, कारण एवढ्या सगळ्यात कमावत्या माणसाचा धड विमाच नव्हता. थोडी वाट बघितली ते बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला.

भांडण झालं ते लग्नांवरून. ३८ हजारांचे २४ करायचे म्हटल्यावर नाना म्हणाले, भाऊबंदकीत तोंड दाखवायचं असतं. ताईने विचारलं, तोंडच दाखवायचं ना, मग अंगठी कशाला. यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. शेवटी ठरलं की सख्ख्या भाचा-भाचीपर्यंतच सोनं, बाकीच्यांना आहेराचं पाकीट, रक्कम एकच ठरलेली, आणि पाकीट नानांच्या हातून जाणार म्हणजे मान नानांचा राहील. हे शेवटचं आक्कांनी सुचवलं.

तरीही कागदावर वीसेक हजारांचा खड्डा होताच. मी तो तसाच लिहून ठेवला, निदान तूट किती ते आधी कळलेलं. फ्लॅट त्या दिवशी कुणी उच्चारला नाही. सातबारा परत पेटीत गेला.

वर्ष कसं गेलं? जून-जुलै छान. ताईला जूनपासून दीड हजारांची वाढ मिळाली. कानबाईला सगळे रेल्वेने आले, रोटाच्या दिवशी घर भरलेलं. मग सप्टेंबरचा पाऊस. तुम्ही खानदेशातले असाल तर सांगायला नको, कैऱ्या (कापसाची हिरवी बोंडं) सडल्या, फुटलेला कापूस झाडावरच काळा पडला, तीन एकरांत दरवर्षी चोवीसेक क्विंटल निघतो तो पंधरावर आला. हमीभाव लांब धाग्याला ८,११० होता, पण आधी ॲपवर नोंदणी आणि वर ओलाव्याची अट, १२ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की कापूस परत, आणि भिजलेल्या कापसाचं काय सांगायचं. नानांनी गावातल्या व्यापाऱ्याला ६,९०० च्या सरासरीने घातला. लाख साडेतीन हजार आले, वेचणी, फवारणी, खतं, ट्रॅक्टर जाता हातात फार काही राहिलं नाही. सोसायटीला भरायला ८१ हजार हवे होते, नानांकडे ५१ होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नानांनी बापूला फोन केला. मला वाटलं झालं, परत कार्ड. पण बापूने लाल खात्यातून तीस हजार पाठवले आणि शाळेला फोन करून तिसरा हप्ता, २६ हजार, एप्रिलमध्ये भरतो म्हणून सांगितलं, पाचशे रुपये दंड पडला. बोनस यंदा सात हजारांनी जास्त आला होता तोही त्यातच गेला. ३१ मार्चला लाल खात्यात १,१४० रुपये होते. कार्ड कपाटात पडून. मित्राचे उरलेले पैसे दिवाळीतच दिलेले.

२७ मार्चला नानांनी भरणा केला, एप्रिलमध्ये नवीन ९० हजार मंजूर झाले. त्या रात्री त्यांनी मला फोन केला आणि पहिलं वाक्य असं, आता बघ, लगेच माफी होते का नाही. मी फोन ठेवून दिला.

पर्सनल लोनची अजून दोन वर्षं आहेत. बापूने एसआयपी परत सुरू करायची का विचारलं, मी म्हटलं आधी लाल खात्यात तीन महिन्यांचा घरखर्च साठू दे, त्याला पटलं नाही, त्याने हजाराची सुरू केलीच. फ्लॅटचा विषय यंदा परत निघाला, या वेळी ताईने काढला, किंमत विचारायच्या आधी स्टॅम्प ड्युटी कुणाच्या नावाने ते विचारलं. रोडचा एकर मात्र नानांनी विषयातूनच काढून टाकलाय.

यंदाच्या अखाजीला मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आक्कांनी परत भिशी लावलीय, या वेळी हजाराची. ताईने लगेच वही काढली आणि लाल पेनने लिहिलं, "आईंची भिशी, १,०००". आक्का आमरसाचं पातेलं खाली ठेवत म्हणाल्या, "वहीमा कसाले लिखस वं बाई, नजर लागस."